ग्रेट प्लेन्सवरील हिवाळी शीत आघाडी

ध्रुवीय प्रदेशातून येणारी थंड, कोरडी व जड हवा वाटेतल्या उबदार हवेखाली पाचरीसारखी घुसते आणि तिला वर उचलत पुढे सरकते. या दोन हवांमधील सरकत्या सीमेला शीत आघाडी म्हणतात. समशीतोष्ण कटिबंधात अशा आघाड्या वर्षभर येत-जात असतात. मात्र कॅनडाच्या अल्बर्टा, सस्कॅचेवान व मॅनिटोबा या प्रांतांपासून अमेरिकेतील टेक्ससपर्यंत पसरलेल्या ग्रेट प्लेन्स या मैदानांवर हिवाळ्यात येणारी आघाडी अधिक उग्र असते. वारा पाहता पाहता दिशा बदलतो, तासाभरात तापमान वीस अंशांनीही उतरू शकते आणि पाठोपाठ हिमवर्षाव, गोठणारा पाऊस किंवा हिमवादळ येते. टेक्सस व ओक्लाहोमात या आघाडीला ‘नॉर्दर’ म्हणतात. ती येताना उत्तर क्षितिजावर गडद निळा पट्टा दिसला, तर ‘ब्लू नॉर्दर’. हवामानाच्या नकाशावर ती निळ्या रेषेने दाखवतात. रेषेवरचे त्रिकोणी दात ज्या बाजूला, त्या बाजूला तिची वाटचाल.

‘आघाडी’ हा शब्द रणांगणावरचा आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस नॉर्वेतील बर्गेन येथे विल्हेल्म ब्यर्कनेस, त्यांचे चिरंजीव याकोब, हाल्वोर सोलबर्ग व तोर बेरगेरॉन या मंडळींनी निरीक्षण केंद्रांचे दाट जाळे उभारले. युद्धामुळे बाहेरून येणारी हवामानाची माहिती आटली होती, त्यामुळे आपल्याच किनाऱ्यावरच्या नोंदी बारकाईने पाहणे भाग होते. वादळी पाऊस एका अरुंद रेषेला धरून सरकतो, हे त्यातून ध्यानात आले. दोन सैन्ये समोरासमोर ठाकलेल्या त्या काळात दोन वायुराशींच्या सीमेलाही आघाडी हेच नाव मिळाले.

ही आघाडी ग्रेट प्लेन्सवर इतकी बेफाम का होते, याचे उत्तर भूरचनेत आहे. उत्तर अमेरिकेतील मोठ्या पर्वतरांगा उत्तर-दक्षिण धावतात. आशियात हिमालय आडवा असल्याने सायबेरियाची थंड हवा थेट दक्षिणेत उतरू शकत नाही. इथे तशी आडवी भिंत नाही. ‘उत्तर ध्रुव आणि आमच्यामध्ये आहे काय, तर एक काटेरी तारेचे कुंपण’ असे टेक्ससच्या उत्तर भागातले लोक गमतीने म्हणतात. त्यात अतिशयोक्ती फारशी नाही.

थंड हवेचे माहेरघर कॅनडाचा वायव्य भाग आणि अलास्का. हिवाळ्यात तिथे रात्र संपता संपत नाही आणि जमीन बर्फाने झाकलेली असते. ही जमीन आपली उष्णता आकाशात फेकत राहते आणि तिच्यालगतची हवा दिवसेंदिवस गारठत, जड होत साचते. वायुदाब वाढत जातो. २४ डिसेंबर १९८३ रोजी माँटॅनातील माइल्स सिटी येथे तो १,०६४ हेक्टोपास्कलपर्यंत पोहोचला होता (समुद्रसपाटीवरचा सरासरी दाब १,०१३). वरच्या थरांतील वाऱ्यांनी वाट दिली की ही साठलेली हवा सुटते. पश्चिमेला रॉकी पर्वताची भिंत असल्याने ती तिला घासून, पन्हळीतून पाणी वाहावे तशी दक्षिणेकडे धावते. दीड-दोन दिवसांत ती कॅनडाच्या सीमेवरून मेक्सिकोच्या आखाताशी येते. कधी कधी तिचा जोर तिथेही ओसरत नाही. दक्षिण मेक्सिकोत तेवांतेपेकच्या संयोगभूमीवरील डोंगरांच्या खिंडीतून ती पॅसिफिक महासागरावर झेपावते आणि खलाशांची दाणादाण उडवते.

एवढा उत्पात करणारी ही हवा प्रत्यक्षात उथळ असते. पुष्कळदा तिची जाडी एक-दीड किलोमीटरच, कधी त्याहूनही कमी. हा उथळपणा पुढे बर्फाच्या संदर्भात महत्त्वाचा ठरतो.

आघाडीपूर्वीची ऊब : आघाडीच्या मागची थंडी सर्वांना ठाऊक असते. माणसे मात्र फसतात ती तिच्या पुढच्या उबेने. आघाडी येण्यापूर्वी रॉकीच्या पूर्व उतारालगत कमी दाबाचे क्षेत्र तयार होते. त्याच्याकडे दक्षिणेकडून आखातावरची उबदार हवा ओढली जाते आणि पश्चिमेकडून डोंगर उतरणारी हवा दाबली जाऊन तापते. त्यामुळे ऐन हिवाळ्यात एक दिवस वसंतासारखा उजाडतो. या मैदानांवरच्या मोठ्या दुर्घटनांचा इतिहास हा बहुतांशी अशा लोभस सकाळींचा इतिहास आहे.

१२ जानेवारी १८८८ रोजी असेच झाले. कित्येक दिवसांच्या कडाक्यानंतर नेब्रास्का व डकोटात सकाळ सौम्य होती. मुले जाड कपडे न घालता शाळेत गेली, शेतकरी गुरे घेऊन बाहेर पडले. पुढे आघाडी आली आणि हवेत पिठासारखा बर्फ इतका भरला की हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसेना. अनेक ठिकाणी ती शाळा सुटायच्या सुमारास पोहोचली. मृतांची संख्या साधारण २३५ मानली जाते. त्यांत शाळकरी मुले पुष्कळ होती, म्हणून या वादळाला ‘मुलांचे हिमवादळ’ हे नाव पडले. त्या काळी हवामानाचे काम लष्कराच्या सिग्नल विभागाकडे होते. शीतलाटेचा इशारा म्हणून मधोमध काळा चौकोन असलेला पांढरा झेंडा फडकवीत. पण तार जिथे पोहोचते तिथेच झेंडा. माळरानावरच्या एकाकी घराला तो दिसणार कसा?

११ नोव्हेंबर १९११ ची नोंद विक्रमांच्या यादीत विचित्र दिसते. त्या दिवशी ओक्लाहोमा सिटीत कमाल तापमान २८ अंश से. आणि किमान उणे ८ अंश से. होते. त्या तारखेचे उच्चांक आणि नीचांक असे दोन्ही विक्रम एकाच दिवशी नोंदले गेले. मिसूरीतील स्प्रिंगफील्ड येथे पारा २७ अंशांवरून मध्यरात्रीपूर्वी उणे ११ वर आला. १९४० साली, योगायोगाने पुन्हा ११ नोव्हेंबरलाच, मिनेसोटात बदकांच्या शिकारीला गेलेले लोक साध्या अंगरख्यांत मिसिसिपी नदीच्या बेटांवर अडकले. त्या वादळाने मध्य-पश्चिम अमेरिकेत दीडशेच्या आसपास बळी घेतले आणि त्यानंतर हवामान खात्याला आपली अंदाज देण्याची पद्धत बदलावी लागली.

चोवीस तासांतील सर्वांत मोठ्या घसरणीचा विक्रम माँटॅनातील ब्राउनिंग या गावाच्या नावावर आहे. १९१६ च्या २३-२४ जानेवारीला तिथे तापमान ७ अंशांवरून उणे ४९ वर, म्हणजे ५६ अंशांनी खाली गेले. अलीकडचे उदाहरण २१ डिसेंबर २०२२ चे. वायोमिंगमधील शायेन येथे अर्ध्या तासात पारा ६ अंशांवरून उणे १६ वर उतरला. फरक इतकाच की या वेळी आघाडीची वेळ लोकांना आधीपासून ठाऊक होती.

हिम आणि बर्फ : मराठीत दोन्हींना सरसकट बर्फ म्हटले जाते, पण इथे भेद करायला हवा. हिम म्हणजे ढगातच स्फटिक होऊन भुरभुरत पडणारे. बर्फ म्हणजे पाणी गोठून झालेला कठीण, पारदर्शक थर. आघाडी कोणती शिक्षा देणार हे थंड हवेच्या जाडीवर ठरते. जमिनीपासून ढगापर्यंत सगळी हवा गोठणबिंदूखाली असेल तर हिम पडते. थंड हवेचा थर पातळ असेल आणि त्याच्यावरून आखाताकडची दमट, उबदार हवा चढत असेल, तर वरचे हिम वाटेत वितळते आणि पावसाचे थेंब होऊन खालच्या थंड थरात शिरते. थर पुरेसा जाड असेल तर थेंब पुन्हा गोठून बारीक बर्फगोळ्या होतात. नसेल तर ते शून्याखालीही द्रवच राहतात आणि तार, फांदी, रस्ता जिथे टेकतील तिथे तत्क्षणी गोठतात. हाच गोठणारा पाऊस. ओक्लाहोमा, कॅन्सस, उत्तर टेक्सस या पट्ट्यात हिमापेक्षा त्याचीच धास्ती अधिक.

त्याचे वजन सहज काढता येते. एक सेंटिमीटर व्यासाच्या तारेवर सगळीकडून एक सेंटिमीटर जाडीचा बर्फ बसला, तर दर मीटरला सुमारे ५७५ ग्रॅम भार वाढतो. दोन खांबांत शंभर मीटर अंतर असेल तर तारेला जवळपास ५८ किलोंचे ओझे पेलावे लागते, आणि त्यात वारा तिला झोके देत असतो. डिसेंबर २००७ मधील बर्फवृष्टीत ओक्लाहोमातील सहा लाखांहून अधिक वीजग्राहक अंधारात गेले ते याच कारणाने.

वारा : मैदानावर पडणारे हिम अनेकदा फार नसते. ते कोरडे व हलके असते आणि वारा त्याला जमिनीवर ठरू देत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या व्याख्येनुसार वारा ताशी ५६ किमी. किंवा अधिक, दृश्यता ४०० मीटरपेक्षा कमी आणि ही स्थिती किमान तीन तास टिकणे, एवढे झाले की ते ‘ब्लिझार्ड’ ठरते. या व्याख्येत हिमवर्षाव किती झाला याचा उल्लेखच नाही. निरभ्र आकाशाखालीही, आधी पडलेले हिम उडून ब्लिझार्ड होऊ शकते. अशा वेळी डोक्यावर ऊन आणि छातीपर्यंत पांढरा अंधार असे अजब दृश्य दिसते. घर आणि गोठा यांमधल्या शंभर पावलांत वाट चुकून माणसे गोठत, म्हणून त्या दोहोंमध्ये दोर बांधून ठेवण्याची रीत होती.

वाऱ्यामुळे शरीराची उष्णता किती वेगाने जाते हे वायुशीत निर्देशांकाने मोजतात. पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल यांनी अंटार्क्टिकात पाणी गोठायला लागणारा वेळ मोजून त्याचा पाया घातला. अमेरिका व कॅनडात २००१ पासून सुधारित सूत्र वापरात आहे. त्यानुसार उणे २० अंशांत ताशी ४० किमी. वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे ३४ सारखे जाणवते.

जनावरांची गोष्ट आणखी करुण. वादळात गुरे वाऱ्याकडे पाठ करून चालत राहतात. टेक्ससच्या उत्तर भागात १८८० च्या दशकात पशुपालकांनी, उत्तरेकडची गुरे आपल्या कुरणात येऊ नयेत म्हणून, मैलोगणती काटेरी कुंपण घातले होते. जानेवारी १८८६ च्या वादळात दक्षिणेकडे सरकणारे कळप या कुंपणाला येऊन थडकले आणि तिथेच ढिगाने मेले. वर सांगितलेल्या विनोदातले कुंपण थंडीला अडवत नाही. गुरांना मात्र त्याने अडवले. पुढच्याच हिवाळ्यात, १८८६-८७ मध्ये, उत्तरेकडील मैदानांवर लाखो गुरे दगावली आणि मोकळ्या कुरणांवरचा तो व्यवसाय कायमचा मोडला.

आधुनिक व्यवस्थाही या आघाडीपुढे किती उघडी आहे, हे फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससने दाखवले. १६ तारखेला डॅलस-फोर्ट वर्थ येथे तापमान उणे १९ अंशांवर गेले. नैसर्गिक वायूच्या विहिरी व वाहिन्या गोठल्या आणि सर्व प्रकारच्या वीजकेंद्रांत बिघाड झाले. त्यांत सर्वांत मोठा वाटा वायूवर चालणाऱ्या केंद्रांचा होता. टेक्ससचे वीजजाळे देशाच्या इतर दोन मोठ्या जाळ्यांपासून जवळजवळ अलग असल्याने बाहेरून पुरेशी वीज आणता आली नाही. संपूर्ण जाळे कोसळण्यापासून साडेचार मिनिटांच्या अंतरावर होते, असे नंतर उघड झाले. पंचेचाळीस लाखांच्या आसपास घरांची वीज गेली आणि राज्य सरकारच्या मोजणीनुसार २४६ जणांचा मृत्यू झाला. फेब्रुवारी २०११ च्या अशाच थंडीनंतर यंत्रणा हिवाळ्यासाठी सज्ज करा, असे केंद्रीय अहवालात स्पष्ट लिहिले होते. त्यामुळे हे संकट अनपेक्षित होते असे म्हणता येत नाही.

उलट हिवाळी गव्हाला हिमाचा आधारच असतो. शरद ऋतूत पेरलेल्या रोपांवर हिमाचे पांघरूण असेल तर त्याखालची जमीन फारशी गारठत नाही. वाऱ्याने ते उडवून नेले आणि मग कडाका आला, तर रोप मुळाशी मरते. म्हणजे शेतकऱ्याला हिम हवे असते, नको असतो तो वारा. हिम हवे तिथे धरून ठेवण्यासाठी फटी असलेली लाकडी कुंपणे उभारतात. वाऱ्याचा वेग त्यांच्यामागे मंदावतो व हिम तिथेच खाली बसते. वायोमिंगमध्ये १९७० साली खुल्या झालेल्या आंतरराज्य महामार्ग ८० च्या लॅरमीजवळच्या भागात हिमाने इतका उच्छाद मांडला की नंतर रस्त्याच्या कडेने अशा कुंपणांच्या रांगाच उभ्या कराव्या लागल्या.

आघाडी पुढे निघून गेल्यावर आकाश निवळते, वारा पडतो आणि सहसा त्यानंतरची रात्र सर्वांत थंड असते. मग रॉकीवरून ‘चिनूक’ हा कोरडा, उबदार वारा उतरू लागला की थंड हवेची उथळ कड मागे ढकलली जाते. ही कड एखाद्या गावावरच मागेपुढे हेलकावू लागली की काय होते, हे साउथ डकोटातील स्पिअरफिशने २२ जानेवारी १९४३ रोजी पाहिले. सकाळी साडेसातच्या सुमारास दोन मिनिटांत तापमान उणे २० वरून ७ अंशांवर चढले. नऊच्या सुमारास ते १२ अंशांवर होते आणि त्यानंतर सत्तावीस मिनिटांत पुन्हा उणे २० वर आले.