समुद्राच्या गाळातले परागकण

समुद्राच्या तळाशी बसलेल्या गाळातून परागकण आणि बीजाणू वेगळे काढायचे, त्यावरून शेजारच्या जमिनीवर पूर्वी कुठली झाडी होती ते बघायचं आणि झाडीवरून पाऊसपाण्याचा अंदाज बांधायचा, अशी ही पद्धत. दलदलीतल्या पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराचा, असा अभ्यास आधीपासून होता, स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्टने १९१६ मध्ये परागांचे आलेख मांडले तिथून सुरुवात धरतात. समुद्राकडे लोक बऱ्याच उशिरा वळले.

परागाचं बाहेरचं कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या अतिशय चिवट पदार्थाचं असतं म्हणून हे सगळं जमतं. हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये शंख-शिंपल्यांचा चुना विरघळतो, हायड्रोफ्लुओरिकमध्ये सिलिकेट माती जाते, पराग उरतात आणि ते स्लाइडवर घेऊन मोजायचे. दर ग्रॅममागे किती पराग ते कळावं म्हणून सुरुवातीलाच लायकोपोडियम या नेच्यासारख्या वनस्पतीच्या, आधीच मोजलेल्या बीजाणूंची गोळी टाकतात. अडचण ओळखण्याची आहे, बहुतेक गवतं नुसती ‘गवत’ म्हणूनच मोजावी लागतात.

शिवाय सगळी झाडं सारखी हजेरी लावत नाहीत. बडोद्याच्या कमाटीबागेतला वड कितीही मोठा असला तरी त्याचा पराग उंबरासारख्या बंद फळात असतो, तो बारीक गांधीलमाश्या नेतात, त्यामुळे गाळात तो जवळपास सापडतच नाही, उलट वाऱ्यावर पराग उधळणारं गवत भरपूर सापडतं. समुद्रापर्यंत पोचायचे रस्ते दोन, नदी आणि वारा. पावागडाकडून येणारी विश्वामित्री ढाढरला मिळते आणि ढाढर खंभातच्या आखातात जाते, हा झाला नदीचा रस्ता. उन्हाळ्यात अरबस्तानकडून धुळीबरोबर येतो तो वाऱ्याचा. ओरिनोकोच्या मुखाजवळच्या गाळावर यान म्युलरचं १९५९ चं काम आहे, नदी पराग कसे वाहून नेते आणि कुठे टाकते यासाठी ते अजून वाचलं जातं.

तलावापेक्षा समुद्राचा मोठा फायदा असा की एकाच कोअरमध्ये, म्हणजे नळीने काढलेल्या गाळाच्या उभ्या नमुन्यात, पराग असतात आणि फोरामिनिफेरा या समुद्रातल्या एकपेशीय जिवांची कवचंही, म्हणजे जमिनीची आणि समुद्राची गोष्ट एकाच थरात वाचता येते, दोन कालक्रम जुळवत बसावं लागत नाही. लिंडा ह्यूसर आणि निकोलस शॅकल्टन यांनी १९७९ मध्ये उत्तर पॅसिफिकच्या १,५०,००० वर्षांच्या नोंदीवर हेच दाखवलं. अरबी समुद्रासाठी एलिझ व्हान काम्पो, दुप्लेसी आणि रोसिन्योल-स्ट्रिक यांचं १९८२ चं काम तितक्याच वर्षांच्या नोंदीवर आहे. व्हान काम्पोंनी १९८६ मध्ये नैऋत्य भारताच्या किनाऱ्यासमोरचे दोन कोअर घेतले, शेवटच्या हिमकाळात कोरडं हवामान आणि साधारण ११,००० रेडिओकार्बन वर्षांपूर्वी (कार्बन-१४ वरून काढलेलं, कॅलेंडरशी न जुळवलेलं वय) पावसाचा जोर, असं चित्र त्यातून आलं.

खरा वाद इथे आहे. या ओल्या टप्प्याचा एक आधार म्हणजे कांदळवनाचे पराग, पण कांदळवन नुसत्या पावसावर वाढत नाही. त्याच काळात समुद्राची पातळी भराभर वर येत होती, सपाट किनारे बुडत होते आणि खाजणाला नवी जागा मिळत होती, तेव्हा पराग वाढले ते पावसाने की पाण्याच्या चढाने हे नुसत्या टक्क्यांवरून सांगता येत नाही. काहींना पावसाचा हिस्सा मोठा वाटतो, काही पातळीला जास्त महत्त्व देतात. कांदळ-तिवराला बेरजेतून वगळून गवत आणि चाकवताच्या कुळाचं प्रमाण वेगळं बघावं आणि फोरामिनिफेरांच्या कवचांतल्या ऑक्सिजन समस्थानिकांशी ताडावं, हा मार्ग त्यातल्या त्यात बरा दिसतो.

पराग एकटे वाचले की काय होतं त्याचं जमिनीवरचं उदाहरण राजस्थानचं. गुरदीप सिंग यांनी १९७१ आणि १९७४ मध्ये सांभर, डीडवाना, लूणकरणसरच्या परागांवरून ओला काळ आणि हडप्पा संस्कृतीचा बहर यांची सांगड घातली. १९९९ मध्ये एन्झेल आणि सहकाऱ्यांनी लूणकरणसर त्या बहराच्या आधीच आटलं होतं असं मांडलं. कालमापनाच्या बाबतीत दुसरं मत जास्त भक्कम आहे, तरी सिंगांची परागगणना अजून उपयोगी आहे.

भारतात या विषयाचं मुख्य ठिकाण लखनौची बिरबल साहनी संस्था, सुरुवात १९४६. गाळाचे कोअर काढायचं बरंचसं काम गोव्यातल्या समुद्रविज्ञान संस्थांकडून चालतं. बडोद्यात परागविज्ञान कानावर येतं ते जास्त करून तेल शोधणाऱ्या ओएनजीसीमुळे, पण तिथे खंभात खोऱ्याचे कोट्यवधी वर्षं जुने थर जुळवायला पराग लागतात, हवामानाशी त्याचा संबंध कमी. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाचं मही खोऱ्यातलं काम मुख्यतः नदीच्या गाळाचं आहे.

खंभातचं आखात अगदी दारात असलं तरी या कामाला फारसं सोयीचं नाही, भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या आसपास जातो आणि गाळ पुन्हा पुन्हा ढवळला जातो. त्यात सुरतजवळच्या वस्तानसारख्या जुन्या लिग्नाइटी (तपकिरी कोळशाच्या) थरांची झीज होऊन त्यांचेही पराग नव्या चिखलात येऊ शकतात. असे उसने पराग रंगवताना रंग वेगळा घेतात आणि बरेचदा जास्त गडद दिसतात, म्हणून मोजणी करणारे त्यांचा वेगळा रकाना ठेवतात.