टर्कीची छाती कोरडी का होते?

टर्कीबद्दलची नेहमीची तक्रार एकच: मांस चोथ्यासारखे लागते. दोष बहुतेक वेळा मांसाचा नसतो. छाती आणि मांडी एकाच पक्ष्याची असली तरी शिजवायच्या दृष्टीने ती दोन वेगळी मांसे आहेत, आणि आपण त्यांना सारखाच विस्तव देतो.

टर्की दिवसभर पायांवर असते. सतत राबणाऱ्या या स्नायूंना प्राणवायू साठवणारे मायोग्लोबिन जास्त लागते, म्हणून मांडी-तंगडीचे मांस गडद असते. त्यात कोलॅजेन, म्हणजे स्नायू बांधून ठेवणारे चिवट प्रथिन, हेही भरपूर असते. छातीचे स्नायू क्वचितच जोर लावतात, म्हणून ते फिकट आणि जवळजवळ बिनचरबीचे राहतात. कातडी काढलेल्या, शिजवलेल्या १०० ग्रॅम छातीत सुमारे ३० ग्रॅम प्रथिने आणि २ ग्रॅम चरबी असते. मांडीत प्रथिने साधारण २८ ग्रॅम आणि चरबी ६ ग्रॅमच्या आसपास. ब जीवनसत्त्वे आणि सेलेनियम दोन्हींत चांगले मिळते. तेव्हा तब्येतीसाठी फक्त छातीच खावी असा हट्ट धरण्यात फारसा अर्थ नाही. खरी चरबी कातडीत असते. शिजवताना कातडी राहू द्यावी, त्याने मांस सुकत नाही. खाताना मात्र ती बाजूला काढावी.

आता मूळ प्रश्न. मांस ५० अंश सेल्सियसच्या पुढे तापले की मायोसिन हे प्रथिन आकसू लागते. ६५ अंशांनंतर अ‍ॅक्टिनही आकसते, तंतू पिळले जातात आणि पाणी बाहेर पडते. मांडीत नेमके याच वेळी कोलॅजेन हळूहळू विरघळून त्याचे मऊ जिलेटिन होऊ लागते, आणि ८० ते ८५ अंशांना ती मऊ, रसदार लागते. छातीकडे अशी भरपाई करायला काहीच नसते. अख्खा पक्षी भाजला तर मांडी होईपर्यंत छाती सुकते. रोजच्या जेवणासाठी सुटे भाग आणणे म्हणूनच शहाणपणाचे.

सुरक्षिततेसाठी मांसाचा मधला भाग ७४ अंशांपर्यंत पोचलाच पाहिजे, म्हणजे साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे पोट बिघडवणारे जंतू मरतात. रंगावर विसंबू नये: शिजलेले मांसही कधी गुलाबी दिसते, आणि पांढरे झालेले कधी कच्चे असते. स्वयंपाकाचा थर्मामीटर सर्वात जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसावा. छातीचा किलोभराचा तुकडा १६० अंशांच्या ओव्हनमधून ७१-७२ ला बाहेर काढून झाकला, तर आतली उष्णता दहा-पंधरा मिनिटांत उरलेले अंश चढवते. पुन्हा मोजून ७४ भरल्यावरच कापावा, नाहीतर परत ओव्हनमध्ये ठेवावा.

मीठ आदल्या दिवशी लावण्याचा फायदा मोठा आहे. किलोला १० ग्रॅम मीठ चोळून मांस फ्रीजमध्ये रात्रभर उघडे ठेवावे, मात्र सर्वात खालच्या कप्प्यात, म्हणजे त्याचे पाणी दुसऱ्या पदार्थांत ठिबकणार नाही. मीठ मायोसिनचा काही भाग विरघळवते आणि तापल्यावरही पाणी धरून ठेवायला मदत करते. १५० ग्रॅम कच्च्या मांसामागे हे दीड ग्रॅम मीठ झाले. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमच्या आत आहे. आधी वेष्टन मात्र वाचावे. काही टर्कीत मिठाचे पाणी टोचलेले असते. तिला वेगळे मीठ लावू नये.

घाईच्या दिवशी छातीचे दीड सेंटिमीटर जाड काप करावेत आणि कागदाने अगदी कोरडे टिपावेत. तवा चांगला तापवून चमचाभर तेल घालावे. काप पसरून ठेवावेत, तीन-चार मिनिटे हलवू नयेत, मग उलटून तेवढाच वेळ ठेवावेत. इथे सर्वांत जास्त बिघडते ते गर्दीमुळे. काप खेटून ठेवले की सुटलेले पाणी उडून जायला वाव मिळत नाही, पृष्ठभाग १०० अंशांवरच अडकतो आणि मांस स्वतःच्या पाण्यात उकडते. खमंग तांबूस रंग येण्यासाठी १४० अंशांच्या आसपासची उष्णता लागते. करपलेला काळा भाग मात्र काढून टाकावा.

मांडीला उलट वागणूक द्यावी: आधी परतून घ्यावी, मग कांदा, टोमॅटो आणि कपभर पाणी घालून झाकणाखाली मंद आचेवर दीड तास ठेवावी. रस्सा थंड केला की वर थिजलेली चरबी चमच्याने उचलता येते.

खिमा ‘टर्कीचा’ आहे म्हणून कमी चरबीचा असेलच असे नाही. त्यात कातडीही दळलेली असू शकते, म्हणून वेष्टनावरचा आकडा पाहावा. अगदी कमी चरबीच्या अर्धा किलो खिम्यात १०० ग्रॅम बारीक चिरून परतलेले मशरूम आणि दोन मोठे चमचे भिजवलेले ओट्स घालावेत. ते ओलावा धरून ठेवतात. मीठ घालून फार मळू नये, टिक्क्या रबरासारख्या होतात. मिठात मुरवलेल्या तयार चकत्यांना मी रोजचा आहार म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरवले, आणि त्या व्याख्येत कोंबडी-टर्कीसारखे मांसही येऊ शकते.

गोठवलेली टर्की फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळवावी. दर दोन-अडीच किलोला २४ तास धरावेत. कच्चे मांस नळाखाली धुऊ नये, शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर पसरतात.

उरलेले मांस दोन तासांच्या आत उथळ डब्यात भरून फ्रीजमध्ये जावे आणि तीन-चार दिवसांत संपावे. दुसऱ्या दिवशी त्याला शिळकट वास येतो, कारण टर्कीची असंतृप्त चरबी मायोग्लोबिनमधल्या लोहाच्या संगतीने लवकर खवट होते. हवा लागू दिली नाही तर हे बरेच टळते: काप रश्शात किंवा स्टॉकमध्ये बुडवून ठेवावेत आणि त्यातच, झाकण ठेवून, पुन्हा ७४ अंशांपर्यंत गरम करावेत.