पेंटबॉलचं सामान

पेंटबॉल म्हणजे दोन टीम करून एकमेकांवर रंगाच्या गोळ्या मारायचा खेळ, गोळी अंगावर फुटली की प्लेअर आऊट. गोळी मारणाऱ्या गनला मार्कर म्हणतात. पहिला डाव २७ जून १९८१ ला अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकरच्या रानात झाला, १२ जण खेळले, आणि त्यांच्याकडचा नेलस्पॉट मार्कर मुळात झाडांवर आणि जनावरांवर लांबून खूण करायला बनवलेला होता. मराठवाड्यात खेळायचं म्हणलं तरी सामान तेच लागतं, फक्त इथलं ऊन, धूळ आणि काटे बघून ते निवडावं लागतं.

सगळ्यात आधी मास्क. पैसे थोडे असतील तर बाकी सगळं भाड्यानं घ्या पण मास्क स्वतःचा, चेहऱ्याला नीट बसणारा घ्या. नेहमीची गोळी ०.६८ इंच म्हणजे साधारण १७ मिलीमीटर जाड आणि ३ ग्रॅमच्या आसपास वजनाची असते, आणि ग्राउंडवर वेगाची लिमिट बहुतेक वेळा सेकंदाला २८० ते ३०० फूट ठेवतात. ३०० फूट म्हणजे ताशी जवळपास ३३० किलोमीटर. अंगावर लागली तर वळ उठतो, काळंनिळं होतं, काही दिवसांत जातं, पण उघड्या डोळ्यावर लागली तर डोळा कायमचा जाऊ शकतो. म्हणून बाईकचं हेल्मेट, वेल्डिंगचा चष्मा, उन्हाचा गॉगल यातलं काहीच चालत नाही, डोळे, कान, तोंड, हनुवटी झाकणारा पेंटबॉलचाच मास्क पाहिजे, आणि त्यावर एएसटीएम एफ१७७६ हा मार्क, म्हणजे पेंटबॉलच्या मास्कचं सुरक्षेचं मानक, बघून घ्यायचा.

आपल्याकडची खरी अडचण ही की मास्क अंगावर टिकत नाही. थंडीच्या सकाळी आणि पावसाळ्यात काचेवर वाफ धरायली, उन्हाळ्यात घाम डोळ्यात उतरायला, दोन्ही वेळा हात मास्ककडंच जातो आणि पोरं मैदानात उभं राहूनच तो वर सरकवतात. डोळ्याला इजा होते ती बहुतेक अशाच वेळी. म्हणून दुहेरी काचेचा थर्मल लेन्सवाला मास्क महाग वाटला तरी तोच घ्यावा, दोन काचांमधल्या हवेमुळं आतली काच गार पडत नाही आणि वाफ धरत नाही. घामासाठी कपाळाला दस्ती बांधायची तर मास्कच्या फोमच्या वर राहील अशी बांधा, फोम आणि चेहऱ्यामधी फट पडता कामा नये. लेन्स पॉलीकार्बोनेटची असते, ती साध्या पाण्यानं आणि मऊ कपड्यानं पुसायची, पेट्रोल, थिनर, गंज काढायचा स्प्रे असलं काही लावलं तर ती आतून कमजोर होते. तडा गेला, खोल ओरखडा पडला किंवा जवळून जोरात गोळी बसली की लेन्स बदलायचीच.

मार्करमधी गोळी ढकलायला गॅस लागतो, एक तर सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइड, नाहीतर दाबलेली हवा. सीओटू टाकीत द्रवरूपात असतो, २१ अंशाला त्याचा दाब साधारण ८५० पीएसआय (दाब मोजायचं एकक) असतो, पण ३१ अंशाच्या वर तो द्रव राहूच शकत नाही आणि दाब झपाट्यानं वाढतो. नांदेड, परभणीचा मे महिना ४० च्या पुढं, तिथं सकाळी सेट केलेला मार्कर दुपारी लिमिटच्या वर गोळी फेकू शकतो. म्हणून उन्हाळ्यात क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर, वेग पुन्हा पुन्हा तपासा, आणि भरलेली टाकी बंद गाडीत किंवा टिनाच्या शेडमधी कधीच ठेवू नका. हवेच्या टाक्या ३००० किंवा ४५०० पीएसआयच्या असतात आणि त्यांच्यावरचा रेग्युलेटर, म्हणजे दाब आवरणारा व्हॉल्व्ह, बाहेर येणारा दाब सारखा ठेवतो, त्यामुळं आपल्या हवामानाला त्याच बऱ्या.

गोळीचं कवच जिलेटिनचं, आत पाण्यानं धुतला जाणारा रंग. ऊन लागलं की गोळी मऊ होते, ओल लागली की फुगते आणि मार्करच्या नळीत फुटते. पिशवी घट्ट बांधून सावलीत ठेवा, ओल्या हातानं गोळ्या भरू नका, मातीत पडलेली गोळी परत हॉपरमधी टाकू नका, कारण काळ्या मातीचे कण नळीत जाऊन पुढची गोळी फोडतात. हॉपर म्हणजे मार्करवरची गोळ्यांची डबी, त्यात साधारण २०० मावतात. नळी आतून पुसायला स्वॅब म्हणजे पुसणी जवळ ठेवा. लहान लेकरांसाठी ०.५० इंचाची हलकी गोळी मिळते, मार कमी लागतो, मास्क मात्र तितकाच पक्का पाहिजे.

कपडे पूर्ण बाह्यांचे, सैल, सुती. गळ्याला उपरणं गुंडाळलं तरी भागतं. बुटावर कंजुषी करू नका, ज्वारी निघालेल्या रानात धसकटं पायात घुसतात, बांधाला बाभळीचे काटे असतात आणि खाली सराटे, तळवा जाड आणि घोटा झाकलेला बूट पाहिजे. गुडघ्याचे पॅडही त्याच कारणानं, आडोशामागं गुडघ्यावर बसावंच लागतं. पावसाळ्यात काळी माती बुटाला किलो-किलोनं चिकटते, तेव्हा मुरमाड जागाच बघावी.

शेवटची वस्तू अगदी स्वस्त, नळीच्या तोंडावर चढवायची कापडी पिशवी, तिला बॅरल सॉक म्हणतात, चुकून ट्रिगर दाबला गेला तर गोळी तिच्यातच अडकते. डाव संपला की मैदानातून बाहेर पडायच्या आधी ती चढवायची, आणि सगळ्यांच्या चढल्यात हे बघूनच मास्क काढायचे.