पंधरा आणि पन्नासच्या मधल्या गाड्या

दसऱ्याच्या संध्याकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात संस्थानकाळातली मेबॅक मोटार येते, तेव्हा कडेला मोबाइल उंचावून उभी असलेली पोरं तिला ‘विंटेज’ म्हणतात. तीच पोरं रविवारी सकाळी महामार्गावर वीस-बावीस वर्षांची फेरारी दिसली तरी ‘विंटेज’च म्हणतात. पहिली गाडी १९३० च्या दशकातली, दुसरी या शतकातली. बोलण्यात हा फरक कुणाला खुपत नाही. आरटीओच्या कागदावर मात्र याच एका शब्दावरून गाडीची फी आणि तिचा वापर ठरतो, आणि पुढे तिला गिऱ्हाईक कसे मिळेल हेही. सुपरकारच्या, म्हणजे फेरारीसारख्या अतिवेगवान, महागड्या गाड्यांच्या, किमती जगात वाढत असताना कोल्हापुरातल्या मालकाच्या पदरात त्यातले किती पडते, हे समजून घ्यायचे तर या शब्दापर्यंत यावे लागते. त्याआधी थोडे मागचे.

संस्थानकाळाबद्दल इथे कुणाला नव्याने सांगायला नको. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले, १९७१ मध्ये देशभरातल्या संस्थानिकांचे तनखे बंद झाले, आणि राजवाड्यांतल्या परदेशी गाड्यांना ग्राहक शोधण्याची वेळ अनेक घराण्यांवर आली. बऱ्याच गाड्या परदेशी गेल्या. राहिलेल्यांपैकी कित्येकांची मूळ पेट्रोल इंजिने १९७३ च्या तेलसंकटानंतर उतरवली गेली आणि जागी डिझेल इंजिने बसली. तेव्हा ते शहाणपणाचे होते. पेट्रोल परवडत नव्हते आणि गाडी चालती ठेवणे महत्त्वाचे होते. ऑइल इंजिनांवर वाढलेल्या आपल्या उद्यमनगरला, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीला, तर असले काम डाव्या हातचे. ‘ओरिजनल’ या शब्दाला पुढे सोन्याचा भाव येईल हे त्या काळच्या मिस्त्रींना कोण सांगणार?

तो भाव आधी बाहेर आला. १९६६ ची लँबोर्गिनी मिउरा ही सुपरकारची सुरुवात मानतात, पण किमतीची गोष्ट फेरारी २५० जीटीओपासून सांगावी लागते. १९६२ ते ६४ मध्ये या गाड्या जेमतेम ३६ बनल्या. नवी असताना किंमत साधारण १८ हजार डॉलर. रेस संपल्यावर त्या जुनी रेसगाडी म्हणून काही हजारांत विकल्या गेल्या. १९८८ मध्ये कंपनीच्या संस्थापकाचे निधन झाले, त्याच वेळी जपानी पैसा बाजारात ओतला जात होता, आणि १९८९ मध्ये एक जीटीओ सव्वा कोटी डॉलरच्या पुढे गेली. मग फुगा फुटला. काही वर्षांत हीच गाडी पाव किमतीला मिळू लागली. २०१८ च्या लिलावात तिला ४ कोटी ८४ लाख डॉलर मिळाले आणि २०२३ मध्ये आणखी एकीला ५ कोटी १७ लाख. आज जे ‘सुपरकार म्हणजे सोन्यापेक्षा बरी गुंतवणूक’ असे सांगतात, ते १९९० नंतरची ती चार-पाच वर्षे गाळून सांगतात. कर्ज काढून घेतलेल्या गाड्या त्या काळात मातीमोल विकाव्या लागल्या होत्या.

वाढीची कारणे गूढ नाहीत. मोजकी संख्या हे पहिले. मॅक्लॅरेन एफ१ एकूण १०६ बनल्या. नवी असताना साधारण ५ लाख ४० हजार पौंड, २०२१ मध्ये एका गाडीला २ कोटी डॉलरच्या वर. दुसरे कारण हाताचा गिअर. फेरारी-लँबोर्गिनीने तो हळूहळू बंद केला आणि तीन पेडलची शेवटची मॉडेल्स एकदम दुर्मीळ झाली. पोर्शची करेरा जीटी १,२७० बनली, अमेरिकेत ४ लाख ४० हजार डॉलरची. काही वर्षे ती नव्या किमतीच्या खाली मिळत होती, आता दहा लाखांच्या पुढे गेली आहे. तिसरे कारण कागदांचे. २००६ पासून फेरारी आपल्या जुन्या गाड्या तपासून प्रमाणपत्र देऊ लागली, आणि इंजिन, गिअरबॉक्स, चॅसी यांचे नंबर मूळ नोंदीशी जुळणे हीच किंमत ठरली. ब्रिटनसारख्या देशात तर गाडी ही झिजणारी मालमत्ता मानतात, त्यामुळे ती विकून झालेल्या नफ्यावर भांडवली कर नाही. पैसेवाल्यांना आणखी काय हवे? या यादीत न बसणाऱ्या बहुसंख्य सुपरकार मात्र इतर गाड्यांसारख्याच उतरत जातात.

आता खर्च. किमतीच्या बातमीत तो सहसा येत नाही, आणि आला तर पेट्रोलपुरता. खरा खर्च गाडी उभी असतानाचा आहे. फेरारी ३५५ चा टायमिंग बेल्ट बदलायचा तर अख्खे इंजिन खाली घ्यावे लागते, आणि बेल्ट किलोमीटरवर जात नाही, वर्षांवर जातो; गाडी हलली नाही तरी चार-पाच वर्षांनी तो बदलायचाच. मॅक्लॅरेन एफ१ ची पेट्रोलची टाकी रेसगाडीसारखी रबरी पिशवीची आहे. दर पाच वर्षांनी ती बदलायची आणि त्यासाठीही इंजिन बाहेर काढायचे. बुगाटी वेरॉनच्या टायरचा एक संच हजारो डॉलरचा. टायर घासून संपत नाही, वयाने कडक होतो, म्हणून झाकून ठेवलेल्या गाडीचेही टायर फेकावे लागतात. २०२० च्या जूनमध्ये केंद्राने टायरची आयात परवान्याखाली आणली. निर्णय देशी कारखान्यांसाठी होता आणि त्या बाजूने समजण्यासारखाही होता, पण ज्या मापाचा टायर या देशात कुणी बनवतच नाही त्यासाठीही परवाना लागू लागला.

कोल्हापुरात यावर आणखी काही चढते. या कंपन्यांचे अधिकृत वर्कशॉप इथे नाही, म्हणून गाडी सपाट पाठीच्या ट्रकवर चढवून मुंबईला, जवळपास ३८० किलोमीटर. भारनियमनाच्या वर्षांत बॅटरीला लावलेला चार्जर रात्रीतून बंद पडायचा आणि सकाळी सगळे इलेक्ट्रॉनिक्स रुसून बसायचे. असल्या इंजिनांना मानवणारे १०० ऑक्टेनचे पेट्रोल देशात २०२० च्या डिसेंबरात आले, पहिल्या यादीत पुणे होते, कोल्हापूर नव्हते. आणि पेट्रोलमधल्या २० टक्के इथेनॉलबद्दल आपल्या जिल्ह्यात बोलणे अवघड, कारण ते आपल्याच उसाचे. शेतकऱ्याला त्यातून पैसा मिळतो याचा मला मनापासून आनंद आहे. तरीही इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते आणि ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या गाड्यांच्या इंधनाच्या रबरी नळ्या त्याच्यासाठी बनलेल्या नव्हत्या, हेही खरेच आहे. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत हा प्रश्न दुप्पट होतो.

पुराचे वेगळे सांगायला हवे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेने शिरोलीजवळ महामार्ग बंद केला. तळघरात किंवा सखल गॅरेजमध्ये गाडी ठेवणाऱ्याला त्या दिवसांत ती बाहेर काढायला रस्ताच नव्हता. जमिनीपासून बारा सेंटीमीटर उंच असलेल्या गाडीला गुडघाभर पाणी म्हणजे सगळे संपले. या शहरात गाडी कुठल्या मजल्यावर उभी आहे हा देखभालीच्या खर्चातलाच एक आकडा आहे.

किमतीकडे परत येताना आधी आयातीचा कर. २००१ मध्ये आयातीवरची संख्येची बंधने उठली आणि परदेशी गाडी पैसे मोजून उघडपणे आणता येऊ लागली. जुनी गाडी आणायची तर ती तीन वर्षांच्या आतली हवी आणि स्टिअरिंग उजवीकडे. करामुळे किंमत दुपटीच्या वर जाई. हे सर्वसामान्य वाचकाला पहिल्यांदा कळले ते एका मराठी क्रिकेटपटूमुळे. २००२ मध्ये त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. गाडी साधारण ७५ लाखांची, तिच्यावरचा सीमाशुल्क १ कोटी १३ लाखांचा. सरकारने तो माफ केला, त्यावर गदारोळ झाला, प्रकरण न्यायालयात गेले आणि शेवटी रक्कम गाडी देणाऱ्या कंपनीच्या बाजूने भरली गेली. ते योग्यच झाले. कर गाडीपेक्षा मोठा असू शकतो हे मात्र तेव्हा घराघरात पोचले. त्यावर राज्याचा रोड टॅक्स. पुदुच्चेरीसारख्या ठिकाणचे पासिंग कोल्हापूर-सांगलीच्या रस्त्यांवर का दिसू लागले याचे उत्तर तिथे आहे. नंतर महाराष्ट्राने एकरकमी करावर २० लाखांची कमाल मर्यादा घातली, २०२५ मध्ये ती ३० लाखांवर नेली, आणि महागड्या गाडीला कोल्हापूरचे एमएच ०९ पासिंग घेणे पूर्वीइतके जाचक राहिले नाही.

आता तो शब्द. इंग्रजी जाणकारांच्या वर्तुळात ‘विंटेज’ म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरची ते १९३० पर्यंतची गाडी. त्याआधीचीला वेगळे नाव, नंतरचीला वेगळे. आपल्याकडे हा शब्द रॅलीच्या फलकावरून आला आणि जुन्या प्रत्येक गाडीला चिकटला. कायद्यात त्याला नेमका अर्थ नव्हता. आयातीच्या धोरणात तो १९५० पूर्वी बनलेल्या गाड्यांपुरता होता. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्राच्या वाहतूक खात्याने मोटार वाहन नियमांत बदल करून व्याख्या केली: पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, व्यापारी वापरात नसलेली, मूळ रूपात राखलेली, चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसलेली गाडी. आधीच पासिंग असलेल्यांना जुना नंबर ठेवता येतो, नव्याने नोंदणाऱ्यांना ‘व्हीए’ मालिका. नव्या नोंदणीची फी २० हजार, मुदत दहा वर्षे, नूतनीकरण ५ हजार. ती रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला नेता येते. रोजच्या वापराला नाही.

नियम करताना समोर संस्थानी गाड्या होत्या हे उघड आहे, आणि त्या गाड्यांसाठी तो चांगला आहे. त्या आधी भंगाराच्या भीतीखाली होत्या. पण या व्याख्येने एक मोठी पोकळी पक्की केली. खासगी गाडीचे आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, १५ वर्षांचे. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २०२२ च्या एप्रिलपासून त्यासाठी साध्या मोटारीला ५ हजार आणि आयात केलेलीला ४० हजार रुपये झाले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते आणखी दुप्पट: साधी १० हजार, आयात केलेली ८० हजार. म्हणजे पंचावन्न वर्षांच्या गाडीला दहा वर्षांसाठी २० हजार आणि बावीस वर्षांच्या फेरारीला पाच वर्षांसाठी ८० हजार. पंधरा ते पन्नासच्या मधली गाडी कायद्याच्या नजरेत निव्वळ जुनी, धूर सोडणारी, रस्त्यावरून हटवायची. जगातल्या बाजारात सर्वाधिक चढलेल्या सुपरकार नेमक्या याच वयाच्या आहेत. ८० हजार ही रक्कम असल्या मालकाला जड नाही, असे कुणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. अडचण त्यामागच्या समजुतीत आहे. इतर अनेक देशांत ऐतिहासिक गाडीची पायरी पंचवीस-तीस वर्षांवर सुरू होते. आपण ती पन्नासवर नेली आणि मध्ये काहीच ठेवले नाही.

‘मोठा फेरफार नसलेली’ या अटीचा गुंता वेगळाच. बोअरिंग केलेले, म्हणजे सिलिंडर आतून घासून मोठे केलेले, इंजिन फेरफार झालेले का? उद्यमनगरात ओतून, लेथवर घासून बनवलेला वॉटर पंप मूळच्यापेक्षा सरस असू शकतो, आणि इथल्या फाउंड्री तो बनवू शकतात याबद्दल मला शंका नाही. पण मूळ भाग फेकून दिला तर परदेशी खरेदीदाराच्या लेखी गाडीची किंमत पडते. म्हणून जाणते मिस्त्री आता उतरवलेला भाग पुसून, चिठ्ठी लावून पेटीत ठेवायला सांगतात. वीस वर्षांपूर्वी तो भंगारात जायचा.

विम्यातही वय आडवे येते. आपल्याकडे गाडीची विमा रक्कम ठरावीक कोष्टकाने उतरते: चार ते पाच वर्षांची गाडी निम्म्यावर. पाचानंतर रक्कम मालक आणि कंपनी यांच्यात ठरवायची. बाजारभाव चढत असलेल्या गाडीला कंपनीकडून चढती रक्कम लिहून घेणे हे ज्याने त्याने आपले भांडून करायचे काम झाले आहे. २०१९ च्या पुरानंतर या कोष्टकाची आठवण कोल्हापुरात साध्या गाड्यांच्या मालकांनाही झाली.

गेल्या दोन वर्षांत चित्र थोडे हलले आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत आयातीच्या धोरणातली १९५० ची रेघ पुसून तिथेही ५० वर्षांची सरकती अट आली, त्यामुळे लँबोर्गिनीच्या मिउरा आणि पहिल्या काउंटॅच आता दाराशी येऊन ठेपल्या. त्याच वर्षी जुलैत ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात तिथून येणाऱ्या गाड्यांवरचा सुमारे ११० टक्के कर ठरावीक संख्येपुरता टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर आणायचे ठरले. पूर्ण कर भरून गाडी आणलेल्यांना हा दुसरा निर्णय जास्त जिव्हारी लागेल, कारण त्यांच्या गाडीच्या इथल्या किमतीतला निम्मा भाग म्हणजे तो करच. १९८७ मध्ये आलेली फेरारी एफ४० या व्याख्येत बसायला २०३७ उजाडेल, आणि २००२ च्या ३६० मोडेनाला २०५२.