शून्य कुठे धरायचे? भारत–कॅनडा तापमान तुलनेची पार्श्वभूमी

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या मराठी घरांतून कोणी ना कोणी कॅनडाला गेलेले असते. त्यामुळे गणिताच्या प्रकल्पाला 'दोन देशांच्या हवामानाची फलनांनी तुलना' हा विषय मिळाला की भारतासमोर कॅनडा ठेवला जातो. यातली हत्यारे जुनी आहेत. बिंदूंमधून रेषा बसवण्याची लघुतम वर्ग पद्धत 1805 मध्ये धूमकेतूंच्या कक्षांसाठी छापली गेली, आणि साइन-कोसाइनच्या बेरजेने आवर्ती वक्र मांडणेही त्याच शतकातले. त्यावर आता कोणी भांडत नाही.

भांडण आहे ते आधारकाळाचे. वर्षाच्या सरासरीतून त्या देशाची ठरावीक 30 वर्षांची (हाच आधारकाळ) सरासरी वजा केली की उरते ते विचलन, म्हणजे ॲनोमली. वॉर्सातल्या 1935 च्या आंतरराष्ट्रीय हवामान बैठकीत 1901–1930 हा पहिला प्रमाण काळ ठरला. मग 1931–1960 आणि 1961–1990 आले. 2015 मध्ये ठरले की हा काळ दर दहा वर्षांनी पुढे सरकवायचा (सध्या 1991–2020), पण दीर्घकालीन बदल मोजायला 1961–1990 तसाच ठेवायचा. शेतीसल्ला किंवा विजेच्या मागणीचा अंदाज यांसाठी हे ठीकच. तुलना करणाऱ्याला मात्र ही सोय महागात पडते, कारण तापून बसलेली तीन दशके शून्य धरली की तोच उन्हाळा कागदावर सौम्य दिसतो. त्यात काही ठिकाणी 1951–1980, तर काही ठिकाणी 1850–1900 वापरतात. तक्त्याखालची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय आकडे उतरवू नयेत.

आधारकाळ बदलला तरी उतार बदलत नाही. वजा होणारी संख्या स्थिर असते, म्हणून y = mx + c मधला फक्त c हलतो. घोळ होतो तो दोन रेषांच्या छेदनबिंदूवर. दोन्ही देशांना 1961–1990 हा आधार देऊन त्याच 30 वर्षांवर रेषा बसवल्या, तर दोन्ही (1975.5, 0) या बिंदूतून जाणारच, शून्य तिथे आपणच ठेवलेले असते. तरीही 'साधारण 1975 ला कॅनडाने भारताला मागे टाकले' असा निष्कर्ष वहीत सर्रास सापडतो.

उताराची अडचण वेगळी. भारताची वाढ 1901 ते 2018 मध्ये सुमारे 0.7 अंश, म्हणजे दशकाला 0.06. कॅनडाची 1948 ते 2016 मध्ये 1.7 अंश, म्हणजे दशकाला 0.25. चौपट! पण दोन्ही मालिकांची सुरुवात वेगळी आहे. कॅनडाच्या उत्तरेत 1948 पूर्वी केंद्रेच विरळ होती, आणि भारताच्या मालिकेत विसाव्या शतकाच्या मध्याला एक सपाट पट्टा आहे. हवेतले धूलिकण हे त्याचे एक कारण मानले जाते. भारताचे 1986 नंतरचेच तुकडे घेतले तर उतार दशकाला सुमारे 0.15 वर जातो. आधी दोन्हीकडची सामाईक वर्षे निवडावीत, मगच रेषा बसवावी. कॅनडा वेगाने तापतो हे मात्र खरे: बर्फ वितळला की उघडी पडलेली जमीन जास्त ऊन शोषते. तिथल्या हिवाळ्याचे तापमान 1948 ते 2016 मध्ये 3.3 अंशांनी वाढले. वार्षिक सरासरीत हे दडून जाते.

मासिक आकड्यांवर y = a + bt + A cos(2π(t − p)/12) हे फलन (t महिने, b वाढीचा वेग, A चढउताराची उंची, p शिखराचा महिना) कॅनडातल्या विनिपेगला छान बसते: जानेवारीत उणे 16 च्या आसपास, जुलैत 20 च्या जवळ, एकच टेकाड. बडोद्याला बसत नाही. मे तापतो, पावसाने जुलै-ऑगस्ट उतरतात, ऑक्टोबरमध्ये पुन्हा उकडते. अशा वेळी 6 महिन्यांच्या आवर्तनाचे दुसरे पद जोडावे लागते. ते गाळले की दरवर्षी त्याच महिन्यांत तीच चूक उरते आणि पावसाळ्याचा खड्डा बिघाड वाटू लागतो.

घातांकी फलन सेल्सिअसवर लावू नये. उणे 16 चा लॉग निघत नाही, आणि 20 वरून 22 ही '10 टक्के वाढ' निरर्थक, कारण सेल्सिअसचे शून्य सोयीने ठरवलेले आहे. तिसऱ्या घाताची बहुपदी R² (वक्र आकड्यांना किती जवळून बसतो त्याचे माप) फुगवते, पण 2050 ला नेली की वाट्टेल तिकडे जाते. आणि x म्हणून 2016 टाकू नये. घन 8 अब्जांवर जातो, आकडे गोल करताना उत्तराची अचूकता जाते. x = वर्ष − 1980 घ्यावे.