रीड : एका इंग्रजी क्रियापदाची कुळकथा

रीड : ‘वाचणे’ या अर्थाचे इंग्रजी क्रियापद, जुन्या इंग्रजीतील रूप ‘रॅडन’. इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला हा शब्द पहिल्या-दुसऱ्या धड्यातच भेटतो, म्हणून तो मुळापासून पुस्तकांचाच असावा असे वाटते. तसे नाही. सल्ला देणे, मसलत करणे, कारभार चालवणे, तर्क करणे, कोडे उलगडणे, स्वप्नाचा अर्थ लावणे ही या क्रियापदाची जुनी कामे. लिहिलेला मजकूर वाचणे हे काम त्याच्याकडे मागाहून आले आणि मग त्याने बाकीची कामे झाकून टाकली. झाकली म्हणायचे, पुसली नव्हे : फलंदाजाला गुगली ‘रीड’ करता आली नाही, असे समालोचक म्हणतो तेव्हा तो हजार वर्षांपूर्वीच्या अर्थानेच बोलत असतो.

जर्मानिक कुळातल्या भावंडांत हे जुने अर्थ अजून ठळक आहेत. जर्मन ‘राटेन’ म्हणजे सल्ला देणे आणि ओळखणे, दोन्ही. ‘राट’ म्हणजे सल्ला, तसेच सल्लागारांचे मंडळ. त्यावरून नगरपालिकेच्या इमारतीला ‘राटहाउस’ म्हणतात आणि कोड्याला ‘रेट्सल’. कोनराड या नावातला उत्तरार्धही हाच : धीट मसलतीचा. आणखी मागे गेल्यास बहुतेक भाषाशास्त्रज्ञ या शब्दांचे नाते संस्कृत ‘राध्’ या धातूशी जोडतात. राध् म्हणजे तडीस नेणे, साधणे, प्रसन्न करून घेणे. आपल्याकडे आराधना, अपराध आणि राधा हे शब्द त्याच धातूचे. लंडनच्या वाचनालयातला ‘रीडर’ आणि देवापुढचा आराधक हे असे दूरचे चुलत भाऊ निघतात.

लेखनकला बाहेरून आली तेव्हा ‘वाचणे’ या नव्या क्रियेला म्हणायचे काय, हा प्रश्न प्रत्येक भाषेपुढे आला आणि बहुतेक भाषांनी घरातलेच एखादे क्रियापद त्या कामाला जुंपले. चौथ्या शतकात वुल्फिला या बिशपने बायबल गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेत आणले. त्यात येशू प्रार्थनागृहात ग्रंथ वाचायला उभा राहतो, तिथे ‘गाणे’ हे क्रियापद आहे. जर्मन ‘लेझेन’चा जुना अर्थ वेचणे, गोळा करणे, द्राक्षांच्या तोडणीला जर्मनमध्ये आजही ‘वाइनलेझे’ म्हणतात. लॅटिन ‘लेगेरे’ही मूळचे वेचण्याचेच. मराठी ‘वाचणे’ ‘वाच्’पासून आले, म्हणजे बोलण्यातून, पोथी वाचायची ती मोठ्याने, चार जणांना ऐकू जाईल अशी. (जीव ‘वाचतो’ तो वेगळ्या मुळाचा, दोन शब्द घासून घासून एकसारखे झाले, इतकेच.) इंग्रजीने मात्र ‘ओळखणे’ हा शब्द घेतला. या साऱ्यांत तीच निवड अधिक चोख म्हणावी लागेल. अक्षरओळख नसलेल्या माणसासमोर पान धरले, तर त्याला गाणेही दिसत नाही आणि द्राक्षेही नाहीत. त्याला कोडे दिसते.

ही निवड एकाएकी झाली नसावी. रोमन अक्षरे येण्याआधी जर्मानिक लोक लाकडावर, हाडावर, दगडावर रून नावाची कोनाकोनांची अक्षरे कोरत. जुन्या इंग्रजीत ‘रून’ म्हणजे गुपित, कानगोष्ट, मसलत. ती कोरण्याची क्रिया ‘रीटन’, म्हणजे ओरखडणे. त्याचेच पुढे ‘राइट’ झाले. मराठी ‘लिहिणे’ ज्या ‘लिख्’ धातूपासून आले त्याचाही पहिला अर्थ ओरखडणे हाच, हे जाता जाता लक्षात ठेवण्याजोगे. स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘हावामाल’ या काव्यात ही दोन क्रियापदे लागोपाठ येतात : कसे कोरावे ठाऊक आहे का, कसे उलगडावे ठाऊक आहे का? यातले ‘उलगडावे’ म्हणजे आपले ‘रॅडन’च, नॉर्स वेषातले. एकाने ओरखडायचे आणि दुसऱ्याने ओळखायचे, अशी ही जोडी. ५९७ मध्ये ऑगस्टीन हा ख्रिस्ती धर्मप्रसारक इंग्लंडमधल्या केंटच्या किनाऱ्यावर उतरला आणि त्याच्यामागून लॅटिन ग्रंथ आले, तेव्हा इंग्लंडमध्ये ही जोडी तयारच होती. लिहिण्यासाठी जर्मनने लॅटिनमधून ‘श्राइबेन’ उसने घेतले. इंग्रजीने दोन्ही कामे घरच्या शब्दांवर भागवली.

जुन्या इंग्रजी काव्यात हे संक्रमण डोळ्यांसमोर घडताना दिसते. ‘डॅनियल’ या काव्यात राजाच्या भिंतीवर गूढ अक्षरे उमटतात आणि डॅनियलला बोलावले जाते. ती अक्षरे त्याने ‘रॅडन’ करावीत, अशी अपेक्षा आहे. वाचून दाखवायची की अर्थ सांगायचा? कवीच्या लेखी हे दोन प्रश्न नाहीतच.

या शब्दाचा खरा मुक्काम पाहायचा तर एक्सेटरच्या कॅथीड्रलमध्ये जावे लागते. तिथे दहाव्या शतकातले एक हस्तलिखित आहे. १०७२ मध्ये वारलेल्या बिशप लिओफ्रिकने ते कॅथीड्रलला दिले. आजवर टिकून राहिलेल्या जुन्या इंग्रजी काव्यातला मोठा वाटा या एकाच बाडात आहे आणि त्यात नव्वदहून अधिक काव्यमय कोडी आहेत. बाडाची पुढे जी दशा झाली तीही सांगण्यासारखी आहे. सुरुवातीच्या पानावर सुरीचे वार आहेत, म्हणजे कोणीतरी त्याच्यावर ठेवून काहीतरी कापले. एक गोल डाग आहे, कोणी त्यावर पेला टेकवला असावा तसा. आणि शेवटच्या कित्येक पानांतून आरपार जळाल्याचे भोक गेले आहे. कोडी विचारणाऱ्या वस्तू त्यात स्वतःच बोलतात. एक कोडे असे आहे की पतंगाने शब्द खाल्ले, अंधारातल्या चोराने कोणा थोर माणसाचे बोल गिळले, पण इतके गिळूनही त्या पाहुण्याला तसूभर शहाणपण आले नाही. उत्तर : पुस्तकातली कसर. दुसरे एक कोडे थेट आज्ञा देऊन संपते, ‘रॅड ह्वॅट इक मॅने’. आजचा इंग्रज हे शब्द पाहून म्हणेल, ‘मला काय म्हणायचे आहे ते वाच’. त्या काळचा ऐकणारा समजे, ‘ओळखा पाहू’.

कोड्याला इंग्रजीत ‘रिडल’ म्हणतात तोही याच घरचा. जुने रूप ‘रॅडेल्स’. त्यातला शेवटचा ‘स’ लोकांना अनेकवचनाचा वाटला, मग एकवचन करण्यासाठी त्यांनी तो छाटून टाकला. वाटाण्याच्या ‘पी’चेही असेच झाले, मूळ एकवचन ‘पीज’ होते. चुकून झालेले शब्द पुढे शब्दकोशात मानाने बसतात, याची ही दोन चांगली उदाहरणे. ‘हेट्रेड’ म्हणजे द्वेष आणि ‘किंड्रेड’ म्हणजे सगेसोयरे यांच्या शेपटीचा ‘रेड’ही याच मुळाचा आहे, तिथे त्याचा अर्थ स्थिती किंवा ठराव असा.

वेसेक्सचा राजा ॲल्फ्रेड (८४९–८९९) याच्या नावात हा शब्द आहेच : ‘एल्फ’ या अतिमानवी जीवांची मसलत लाभलेला तो ॲल्फ्रेड. वाचनाच्या इतिहासातही त्याला टाळता येत नाही. त्याचा चरित्रकार ॲसर सांगतो की आईने मुलांना इंग्रजी कवितांचे एक सुंदर पुस्तक दाखवले आणि जो ते लवकर शिकेल त्याला ते देईन म्हणाली. पहिल्या अक्षराच्या नक्षीवर भाळलेला ॲल्फ्रेड ते घेऊन गुरुजींकडे गेला आणि पाठ म्हणून दाखवून पुस्तक जिंकून आला. पुढे राजा झाल्यावर त्याने पोप ग्रेगरीचा धर्माधिकाऱ्यांसाठीचा ग्रंथ इंग्रजीत आणला आणि प्रत्येक प्रतीबरोबर पन्नास मॅन्कस (त्या काळचे सोन्याचे नाणे) किमतीचे एक ‘ॲस्टल’ पाठवतो आहे, असे प्रस्तावनेत लिहिले. ॲस्टल म्हणजे बहुधा ओळीवर बोटासारखी फिरवायची कांडी. १६९३ मध्ये सॉमरसेट परगण्यात नॉर्थ पेथर्टनजवळ एक दागिना सापडला. तो आता ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. लांबी जेमतेम सहा सेंटिमीटर, आकार थेंबासारखा. स्फटिकाच्या पारदर्शक तुकड्याखाली मिन्याची मानवाकृती बसवली आहे, भोवती सोन्याची चौकट आणि टोकाला एका श्वापदाचे मुंडके. त्याच्या तोंडात पोकळ नळी आहे, कांडी बसेल अशी. चौकटीच्या कडेला जाळीदार अक्षरांत लिहिले आहे : ‘ॲल्फ्रेडने मला करवून घेतले.’ कोड्यातल्या वस्तूंसारखी हीसुद्धा स्वतःच बोलते.

या शब्दाने सर्वांत वाईट चेष्टा केली ती एथेलरेड या राजाची. तो कोवळ्या वयात ९७८ मध्ये गादीवर आला. नावाचा अर्थ ‘थोर मसलतीचा’. कारकीर्द मात्र डॅनिश हल्लेखोरांना पैसे चारण्यात गेली : ९९१ मध्ये दहा हजार पौंड, १०१२ मध्ये अठ्ठेचाळीस हजार. १०१३ मध्ये त्याला पळून जावे लागले, पुढल्या वर्षी तो परतला आणि १०१६ मध्ये वारला. नंतरच्या लोकांनी त्याला ‘अनरॅड’ म्हणजे ‘बिनमसलतीचा’ हे नाव चिकटवले. थोर मसलतीचा, बिनमसलतीचा एथेलरेड, असा तो श्लेष होता. काळाच्या ओघात ‘रॅड’ विस्मरणात गेला, ‘अनरॅड’चे ‘अनरेडी’ झाले आणि बिचारा राजा ‘तयारी नसलेला’ ठरला. ‘रेडी’चा या कुळाशी संबंध नाही, तो वेगळाच शब्द. तेव्हा त्याचा दोष तयारीचा नव्हता, सल्लागारांचा होता, असे निदान व्युत्पत्ती तरी सांगते.

आणखी एका तोतयाबद्दल सावध राहिलेले बरे. इंग्लंडमधले ज्या गावाचे स्पेलिंग ‘रीडिंग’सारखे आहे त्याचा उच्चार ‘रेडिंग’. ते रेआडा नावाच्या पुरुषाच्या लोकांचे गाव. १९२१ ते १९२६ या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेले लॉर्ड रेडिंग याच गावाच्या नावाने ओळखले जात.

उच्चाराची कथा थोडक्यात सांगता येईल. वर्तमानकाळी रूपातला दीर्घ स्वर पंधराव्या शतकानंतरच्या मोठ्या स्वरबदलात वर सरकत ‘ई’पर्यंत पोचला. भूतकाळी ‘रॅड्डे’ या रूपात जोडाक्षरामुळे स्वर आधीच आखूड झाला होता, तो ‘रेड’ असाच राहिला. ‘लीड–लेड’ या जोडीत लिहिणाऱ्यांनी भूतकाळाचे स्पेलिंग वेगळे केले, इथे केले नाही. त्यामुळे कागदावर ‘वाचतो’ आणि ‘वाचले’ यांत फरक दिसत नाही, तो संदर्भावरून ओळखावा लागतो. सल्ल्याच्या अर्थाने लिहायचे ‘रीड’ मात्र वेगळ्या स्पेलिंगने जगले. ‘हॅम्लेट’मध्ये ओफेलिया भावाला टोमणा मारते की दुसऱ्याला उपदेश करणारा स्वतःच्या उपदेशाची पर्वा करत नाही; तिथे उपदेशासाठी हाच शब्द आहे. आता तो जुन्या काव्यापुरता उरला.

फ्रेंचमार्गे लॅटिन ‘लेगेरे’ची मुलेबाळे इंग्रजीत शिरली : ‘लेक्चर’ म्हणजे मुळात वाचन, ‘लेजंड’ म्हणजे वाचण्याजोगे. पण क्रियापद घरचेच टिकले आणि संस्थांमध्येही पसरले. इंग्लंडमध्ये विद्यार्थी विद्यापीठात इतिहास ‘रीड’ करतो, म्हणजे त्याची पदवी घेतो. तिथून आलेले ‘रीडर’ हे पद आपल्या विद्यापीठांतही बरीच वर्षे होते. मराठीत त्याला प्रपाठक म्हणत. संसदेत विधेयकाची वाचने होतात, कारण छापील प्रती नव्हत्या तेव्हा ते सभागृहात खरोखर मोठ्याने वाचले जाई. आपल्या विधिमंडळांनीही ‘पहिले वाचन, दुसरे वाचन’ हे शब्द उचलले. पहिल्या वाचनात कोणी विधेयक वाचत बसत नाही, हेही त्यांच्याबरोबर आले.

यंत्रांनी या क्रियापदाला एक वेगळीच कलाटणी दिली. इंग्रजीत तापमापक स्वतःच अमुक अंश ‘रीड’ करतो, म्हणजे दाखवतो. वाचणारा आणि वाचले जाणारे यांची अदलाबदल झाली. मराठीला हे मानवत नाही. पारा चढतो, काटा दाखवतो, पण मीटर काही वाचत नाही. आपण क्रियापद बाहेर ठेवून नाम तेवढे आत घेतले : विजेचे बिल करणारा माणूस मीटरचे रीडिंग ‘घेऊन’ जातो, आणि स्पर्धा परीक्षेची पोरे अभ्यासिकेत एकमेकांना विचारतात, ‘तुझी किती रीडिंग झाली?’