तीस टनांची वाघीण हवेत कशी गेली?

20 जून 2025 च्या रात्री अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात, एंडरलिन गावाजवळ, एक मालगाडी टोर्नेडोच्या वाटेत सापडली. तिच्या 33 वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, रुळांवरून खाली आल्या. धान्याने भरलेल्या वाघिणी आडव्या झाल्या. एक रिकामी टँकर वाघीण मात्र उडाली आणि सुमारे 145 मीटरवर जाऊन पडली. त्या टोर्नेडोत तीन माणसे दगावली. एवढे धूड एवढ्या लांब फेकायला वारा किती लागेल, याचा हिशेब पुढे कॅनडातल्या वेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांच्या मदतीने मांडला गेला. त्यावरून अमेरिकी हवामान खात्याने या टोर्नेडोला ईएफ-5 ही सर्वांत वरची श्रेणी दिली; वाऱ्याचा अंदाज निघाला ताशी 338 किलोमीटरच्या वर. 2013 नंतर ही श्रेणी कुठल्याच टोर्नेडोला मिळाली नव्हती.

टोर्नेडोच्या पोटात पोकळी असते आणि ती सगळे वर ओढून घेते, ही समजूत फार रुळलेली आहे. मध्यभागी दाब उतरतो हे खरेच. 24 जून 2003 ला साउथ डकोटातल्या मँचेस्टर गावापाशी टोर्नेडोंचे अभ्यासक टिम समारास यांनी टोर्नेडोच्या वाटेवर एक यंत्र ठेवले होते. टोर्नेडो त्यावरून गेला तेव्हा दाब तब्बल 100 मिलिबारने, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साधारण दहाव्या भागाने, उतरला. पण वस्तू हलते ती तिच्या दोन बाजूंच्या दाबांत फरक असला तरच. ही उतरण शंभरेक मीटरवर पसरली आहे असे धरा. मग एक मीटर लांबी-रुंदी-उंचीच्या पेटीच्या समोरासमोरच्या बाजूंत फरक उरतो फक्त एका मिलिबारचा. त्याचा जोर जेमतेम दहा किलो, आणि तोही आडवा. एवढ्याने वाघीण जागची हलणार नाही.

खरे काम वारा करतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, तिप्पट झाला की नऊपट. ताशी 100 किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरवर साधारण 47 किलोंचा जोर लावतो, 300 चा वारा सव्वाचारशे किलोंचा. टँकर वाघिणीची बाजू ढोबळमानाने 50 चौरस मीटर धरली, तर 338 च्या वाऱ्याचा रेटा 27 टनांच्या आसपास जातो. गोल आकारामुळे तो थोडा कमी भरेल. रिकामी वाघीण असते तीसेक टनांची, भरलेली शंभराच्याही वर. कोण उडाली आणि कोण नुसती कलंडली, याचे उत्तर या आकड्यांतच आहे.

हा रेटा आडवा आहे. मग वस्तू वर कशी जाते? कपातला चहा ढवळून चमचा बाहेर काढला की तळाची पूड मध्यभागी गोळा होते, कारण तळाशी घासून चहाची गिरकी मंदावते आणि तो थर मध्याकडे सरकतो. टोर्नेडोतही जमिनीलगतची हवा घर्षणाने मंदावते, केंद्राकडे झेपावते आणि तिथे दुसरी वाट नसल्याने एकदम वर वळते. म्हणून वर उचलणारा सर्वांत जबर झोत बहुधा जमिनीपासून फार उंचावर नसतो. त्यात भर म्हणजे वस्तूच्या माथ्यावरून जाताना वारा वेग घेतो, तिथला दाब घटतो, आणि वस्तू जराशी कलली की वारा तिच्या खाली शिरतो.

आपल्याकडे वळवाच्या वादळात पत्रे उडतात ते याच रीतीने, टोर्नेडो नसतानाही. आधी कडेचा एखादा हूक सैल होतो आणि पत्र्याची कड फडफडू लागते. दार-खिडकीतून आत घुसलेला वारा खालून ढकलतो, वरचा वारा ओढतो, आणि पाहता पाहता ओळीने सगळे पत्रे जातात. टोर्नेडो येताना खिडक्या उघडाव्यात म्हणजे घर फुटत नाही, असा सल्ला अमेरिकेत वर्षानुवर्षे दिला जाई. तो घातक होता. उघडी खिडकी छताला खालून धक्का द्यायला वाऱ्याला वाटच करून देते.

उचललेली जड वस्तू फिरता फिरता बाहेर फेकली जाते आणि लवकर पडते. माणूस हवेतून ताशी सुमारे 200 किलोमीटर वेगाने पडतो, म्हणजे त्याला तोलून धरायला तेवढ्याच वेगाचा वर जाणारा झोत लागतो. कागदाला मंद झुळूकही पुरते. 27 एप्रिल 2011 च्या टोर्नेडोंमध्ये अलाबामातल्या फिल कॅम्पबेल गावातून उडालेला एक फोटो 350 किलोमीटरहून दूर, टेनेसी राज्यात सापडला. हवामानाचे अभ्यासक जॉन नॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा नऊशेहून अधिक वस्तूंचा माग काढला, तोही लोकांनी फेसबुकवर टाकलेल्या नोंदींवरून.

वर गेलेला हा कचरा रडारवर वेगळा ओळखू येतो, कारण पावसाच्या थेंबांसारखा तो एकसारख्या आकाराचा नसतो. त्यामुळे काळोखात टोर्नेडो कोणाला दिसला नाही, तरी तो जमिनीवर उतरून मोडतोड करतो आहे हे हवामान कचेरीत बसलेल्या माणसाला कळते, आणि वाटेतल्या पुढच्या गावाला सावध करता येते.